मान खाली घातल्यावर

गेल्या श्रावणात वन्सं चार दिवस आमच्याकडे लाटंबार्सेला राहायला आल्या होत्या. पाऊस असा की काजूच्या बागेतली वाट दिसेना. वीज दिवसातून तीनदा जायची. दुपारी जेवणं आटोपून आम्ही दोघी माजघरात बसलो होतो आणि मी भाचीनं पुण्याहून पाठवलेलं चित्रांचं पुस्तक चाळत होते. वन्संनी चष्मा लावला, पुस्तक ओढून घेतलं, दोन पानं उलटली आणि परत माझ्या मांडीवर ठेवलं.

"अगं, ही तर म्हातारी आहे."

"हो, आणि चित्र काढणारीही तीच आहे. स्वतःचंच काढलंय."

वन्सं थोडा वेळ गप्प बसल्या. मग म्हणाल्या, "एवढं उघडं होऊन काढलं, मिळालं काय तिला?"

तेवढ्यात आमच्याकडे कामाला येते ती बाई भांडी आटोपून, पदराला हात पुसत आत आली. ती खांद्यावरून वाकून बघायला लागली. मला वाटलं, आता हीही तोंड फिरवणार. तर ती खळखळून हसली. "बाय, हें तर म्हजेंच पोट!"

तेव्हापासून ही दोन वाक्यं माझ्या डोक्यातून जात नाहीत. वन्संना मी त्या दिवशी उत्तर दिलं नाही, कारण माझ्याकडे ते नव्हतं. आता जे काही सुचलंय ते इथे लिहिते. मी चित्रकलेची जाणकार नाही आणि मूळ चित्रंही पाहिलेली नाहीत. पुस्तकातली आणि फोनवरची पाहिली आहेत. पण ज्या वयाची, ज्या देहाची ती चित्रं आहेत, ते वय आणि तो देह माझ्याकडे आहे. तेवढ्या अधिकारानं बोलते.

पुस्तक होतं जोन सेमेल या अमेरिकन चित्रकर्तीचं. तिचा जन्म न्यूयॉर्कचा, १९ ऑक्टोबर १९३२ चा. ऐन उमेदीची काही वर्षं ती स्पेनमध्ये होती, तेव्हा अमूर्त चित्रं काढायची. म्हणजे नुसते रंग आणि आकार, माणूस नाही. १९७० मध्ये ती न्यूयॉर्कला परतली. मासिकांच्या दुकानांत जिकडेतिकडे उघड्यावाघड्या बायका टांगलेल्या, आणि त्या सगळ्या पुरुषांच्या डोळ्यांसाठी. तिकडे तो स्त्रीमुक्तीच्या चळवळीचा काळ. सेमेलनं अमूर्त सोडलं आणि माणसाचा देह काढायला घेतला. १९७४ च्या सुमारास दुसऱ्या कुणाला समोर न बसवता तिनं स्वतःचाच देह काढला.

पण कसा काढला, हे बघण्यासारखं आहे. आरसा न घेता. त्या वर्षीच्या एका चित्राचं नावच 'मी विदाउट मिरर्स' आहे, म्हणजे 'आरशाशिवाय मी'. आपण मान खाली घालून स्वतःकडे बघितलं तर काय दिसतं? छाती, त्यापलीकडे पोट, मांड्या, गुडघे, आणि दूर कुठेतरी पावलं. तोंड दिसत नाही, कारण डोळे तोंडातच आहेत. तिनं तेवढंच काढलं. चित्रात डोकं नाही.

इथे मला आपल्या बायकांची गंमत वाटते. 'मान खाली घालून चाल' हे वाक्य ऐकल्याशिवाय आपल्यातली एकही मुलगी मोठी झालेली नाही. सासरी पहिली पाच वर्षं मी मान खाली घालूनच काढली. पण एवढी वर्षं मान खाली घालूनही मी स्वतःला कधी पाहिलं नाही. जमीन बघितली, दुसऱ्यांचे पाय बघितले. मान खाली घातली की सगळ्यात आधी आपलाच देह डोळ्यांसमोर येतो, ही साधी गोष्ट मला त्रेसष्टाव्या वर्षी एका परक्या बाईच्या चित्रावरून कळली.

सेमेल तेव्हा बेचाळीस वर्षांची होती. तिथेच थांबली असती तर ते एका तरुण बाईचं धाडस म्हणून राहिलं असतं. ती थांबली नाही. पन्नाशीत, साठीत, सत्तरीत आणि ऐंशी उलटल्यावरही ती तोच देह काढत राहिली. मधल्या काळात तिनं आरसा घेतला, कॅमेरा घेतला. काही चित्रांत ती आरशासमोर कॅमेरा धरून उभी आहे आणि कॅमेऱ्यामुळे चेहरा झाकला गेला आहे. बघणाऱ्याला वाटतं आपण तिला बघतोय, आणि तिचा कॅमेरा बघणाऱ्यावरच रोखलेला. पुढे चेहराही आला. छाती उतरली, पोटाला वळ्या पडल्या, दंडाची कातडी लोंबायला लागली, तसतसं ते सगळं चित्रात येत गेलं. कॅनव्हास मोठमोठे, काही तर सहा फुटांच्या घरातले, म्हणजे आमच्या माजघराच्या दाराएवढे. आणि रंग मातकट, उदास नाहीत. हिरवा, जांभळा, केशरी. उतारवयातली तिची काही चित्रं तर पन्नाशीतल्या चित्रांपेक्षा जास्त रंगीत आहेत.

दुसरी एक अमेरिकन चित्रकर्ती होती, अॅलिस नील. तिनं आयुष्यभर दुसऱ्यांची चित्रं काढली आणि १९८० मध्ये, ऐंशीव्या वर्षी, स्वतःचं पूर्ण केलं. निळ्या पट्ट्यांच्या खुर्चीत ती बसली आहे. अंगावर कपडा नाही. एका हातात ब्रश, दुसऱ्या हातात पुसायचं फडकं, आणि डोळ्यांवर चष्मा. मला तो चष्मा फार आवडला. सगळं उतरवलं पण चष्मा ठेवला, कारण काम करायचं होतं. ते चित्र आता वॉशिंग्टनच्या राष्ट्रीय व्यक्तिचित्र संग्रहालयात आहे.

वन्संना हे सगळं निर्लज्जपणाचं वाटलं, आणि पहिल्यांदा बघताना मलाही वाटलं. नंतर मी विचार केला की आपण दिगंबर, आपल्याला नग्नतेचं एवढं काय वाटावं? माझं माहेर शिरोळ तालुक्यातलं. कुंभोजला बाहुबलींची अठ्ठावीस फुटांची मूर्ती १९६३ मध्ये उभी राहिली. मी लहान असताना आई आम्हाला तिथे न्यायची. श्रवणबेळगोळच्या सत्तावन्न फुटांच्या गोमटेश्वराच्या पायाशी, मूर्तीच्या तळव्यांशी डोकं टेकलेलं मला आठवतं. कुणाच्या मनात लाज आली नाही. त्या नग्नतेत वस्त्र टाकण्याइतका मोह टाकलेला आहे, हे आपल्याला शिकवावं लागत नाही, आपण ते आईच्या कडेवरच शिकतो.

पण दोन गोष्टी मी एवढ्या वर्षांत कधी लक्षात घेतल्या नव्हत्या. एक म्हणजे तो देह पुरुषाचा आहे. आपल्या आर्यिका माताजी कितीही कठोर तप करोत, त्यांच्या अंगावर पांढरी साडी असते. दुसरी गोष्ट, तो देह कायम तरुण आहे. वराहमिहिरानं 'बृहत्संहिते'त अर्हंतांची प्रतिमा कशी असावी हे सांगताना तरुण आणि रूपवान असं स्पष्ट म्हटलं आहे. बाहुबलींच्या पायांवर वेली चढल्या, पायाशी वारुळं उठली, पण अंगावर एक सुरकुती नाही. तीर्थंकरांना आयुष्य लाभलं ते किती मोठं, पण म्हातारे तीर्थंकर कुणी घडवले नाहीत. त्यामागे अर्थ आहे, तो मला मान्य आहे. आत्म्याला म्हातारपण नाही, म्हणून मूर्तीला नाही. एवढंच म्हणते की म्हाताऱ्या बाईचा देह बघायला, त्याच्याकडे शांतपणे डोळे लावून बसायला, आपल्या डोळ्यांना कुणी शिकवलेलं नाही.

स्वतःची प्रतिमा घडवणारी एक स्त्री मात्र जैन परंपरेत आहे. आपल्या आम्नायात एकोणिसावे तीर्थंकर मल्लिनाथ पुरुषच. श्वेतांबर त्यांना मल्ली, मिथिलेची राजकन्या मानतात. त्यांच्या 'ज्ञाताधर्मकथां'मध्ये तिची कथा आहे. श्वेतांबर मैत्रिणींना ती पाठ असेल, आपल्या मुलींना सांगण्यासारखी आहे. मल्लीच्या रूपाची कीर्ती ऐकून सहा राजे तिच्यासाठी मिथिलेवर चालून आले. मल्लीनं आधीच स्वतःसारखी हुबेहूब सोन्याची पोकळ मूर्ती करून घेतली होती. मूर्तीच्या डोक्यावर झाकण. रोज जेवताना त्यातला एक घास ती त्या मूर्तीत टाकायची. सहा राजांना बोलावलं. ते मूर्तीलाच मल्ली समजून बघत राहिले. मग तिनं झाकण काढलं. दुर्गंध असा सुटला की राजांनी नाकाला उपरणी लावली. ती म्हणाली, चांगल्या अन्नाच्या एकेका घासानं सोन्याची मूर्ती अशी होते, तर या हाडामांसाच्या देहाचं काय सांगावं? राजांना वैराग्य आलं.

लखनौच्या राज्य संग्रहालयात ध्यानस्थ बसलेल्या एका स्त्रीची नग्न मूर्ती आहे. पाठीवर वेणी आहे, मस्तक तुटून गेलं आहे. अनेक अभ्यासक तिला मल्लीचीच मूर्ती मानतात. तिचा फोटो मी सेमेलच्या चित्राशेजारी ठेवून पाहिला. दोन्हीकडे बाईचा देह, दोन्हीकडे डोकं नाही. एक काळानं मोडली, दुसरीनं मुद्दाम काढलं नाही. यातून काही मोठा सिद्धान्त काढायचा नाही. फक्त मी दोन्हीकडे बराच वेळ बघत बसले, एवढं खरं.

वन्संनी मला मल्लीच्याच बाजूनं अडवलं असतं. ही अशुची भावना बघ, असं त्या म्हणाल्या असत्या. आपण बारा भावना रोज म्हणतो. अनित्य, अशरण, संसार, एकत्व, अन्यत्व, आणि मग अशुची. देह म्हणजे मळाचं भांडं. मग त्याची सहा फुटी चित्रं कशाला? ही तर देहाची आसक्ती. मीही पहिल्या दिवशी हेच म्हटलं.

पण कथा नीट वाचा. मल्लीनं ती मूर्ती कुणाला दाखवली? तिच्या तारुण्याला भुललेल्या राजांना. रूपाचा कैफ चढलेल्यांसाठी ते औषध होतं. म्हातारीच्या देहासाठी सोन्याची मूर्ती घडवायला लागत नाही, तिथे लोक आधीच नाक मुरडून बसलेले असतात. जो देह आधीच सगळ्यांनी टाकून दिला आहे, त्याच्यावर पुन्हा अशुचीचा पाठ म्हणणं म्हणजे ताप उतरलेल्याला तापाचा काढा पाजणं. शिवाय भावना आपण आपल्या मनात, आपल्या देहाबद्दल करायची असते. दुसऱ्याच्या देहाकडे बोट दाखवण्यासाठी ती सांगितलेली नाही.

आता जे लिहिते ते लिहावं की नाही याचा मी बराच विचार केला. माझ्या सासूबाई, म्हणजे वन्संच्या आई, शेवटची दोन वर्षं अंथरुणाला खिळून होत्या. मी त्यांना आंघोळ घालायचे. न्हाणीघरात नेऊन पाटावर बसवलं की पहिलं वाक्य, "दिवा नको लावू." दार लावलेलं, खिडकीला पडदा, अंगावर ओलं लुगडं तसंच. मी अंधारात चाचपत त्यांना साबण लावायचे. त्यांच्याकडे बघायचं नाही, हा आमच्यातला अलिखित करार होता. मलाही ते सोयीचं होतं, खोटं कशाला बोलू? त्यांचं ते अंग बघितलं की मला माझं पुढचं दिसायचं.

एक दिवस साबण लावता लावता हाताला गाठ लागली. काखेजवळ, छातीच्या कडेला. चांगली मोठी. मी विचारलं, तर म्हणाल्या, वर्ष झालं असेल. "मग सांगितलं का नाही?" "या वयात कुणाला दाखवायचं गं?"

त्या रोज पहाटे बारा भावना म्हणायच्या. अंथरुणातूनही म्हणायच्या. अशुची भावनेला त्यांचा आवाज स्पष्ट असायचा, मी स्वयंपाकघरातून ऐकायचे. जो देह 'माझा नाही' असं त्या रोज म्हणत होत्या, तोच त्यांनी असा लपवला जणू त्याच्याइतकं त्यांचं काही नव्हतंच. आणि मी माझे डोळे मिटून त्यांना मदत केली. पुढे जे व्हायचं ते झालं. वेळेवर कळलं असतं तर वाचल्या असत्या असं मी म्हणत नाही, वय झालं होतं. पण दुखणं कमी झालं असतं. निदान ते वर्षभर एकटीनं अंधारात धरून बसावं लागलं नसतं.

म्हणून मला सेमेलच्या चित्रांकडे परत जावं लागलं. ती आसक्तीची चित्रं आहेत का? आसक्त माणूस काय करतो ते आपल्याला रोज दिसतं. केस काळे करतो, सुरकुत्यांवर मलम चोळतो, जुना फोटो काढून दाखवतो. ज्याच्यावर आसक्ती असते त्याचा ऱ्हास आपल्याला बघवत नाही. सेमेल तो पन्नास वर्षं बघत राहिली. काल इथे वळी नव्हती, आज आहे, असं नोंदवत गेली. ही नजर मला आसक्तीपेक्षा अनित्य भावनेच्या जवळची वाटते.

आणि ते डोकं नसणं. तिच्या १९७४ च्या चित्रात जे दिसतं ते सगळं बघितलं जाणारं आहे. जी बघते आहे ती चित्रात कुठेच नाही, ती चित्राच्या अलीकडे, जिथे आपण उभे असतो तिथे आहे. आपल्या प्रवचनांत 'ज्ञाता-द्रष्टा' हा शब्द मी लहानपणापासून ऐकते. जाणणारा, बघणारा तो मी. जे दिसतं तो देह, तो अन्य. अन्यत्व भावनेचा अर्थ मला शब्दांनी जेवढा कळला होता त्यापेक्षा त्या चित्रापुढे जास्त कळला. सेमेलच्या मनात हे नव्हतं, हे मला ठाऊक आहे. तिला पुरुषांच्या नजरेला उत्तर द्यायचं होतं. माझा अर्थ मी तिच्यावर लादत नाही. पण चांगल्या चित्रात काढणारीपेक्षा जास्त जागा असते, त्या जागेत मी बसले.

तिची चित्रं मला सगळीच पटली असंही नाही. तिच्या देहाला काम नाही. एवढ्या वर्षांच्या चित्रांत, मी पाहिली त्यांत तरी, तो देह पहुडला आहे, बसला आहे, वळला आहे. वाकून केर काढताना, गुडघ्याला हात टेकून उठताना दिसत नाही. दुसऱ्या कुणाचा हात त्याला आधार द्यायला येत नाही. आपल्याकडे म्हातारपण म्हणजे सुनेचा हात, लेकीचा हात, कामवाल्या बाईचा हात. वंगाळ दुखणं, लघवीला धरून नेणं. त्या मोठ्या रंगीत कॅनव्हासवर याला जागा मिळालेली नाही. स्वतःचा देह स्वतः बघणं ही मोठी गोष्ट, पण शेवटी शेवटी आपला देह आपल्यापेक्षा दुसरंच कुणीतरी जास्त बघत असतं. ते चित्र अजून कुणी काढलेलं मला माहीत नाही.

इकडची कुणी नाही का, असं मी भाचीला विचारलं. तिनं ललिता लाजमींची चित्रं पाठवली. त्यांची जन्मतारीख वाचून मी चकित झाले. १७ ऑक्टोबर १९३२. सेमेलपेक्षा दोनच दिवसांनी मोठ्या! जन्म कलकत्त्याचा, घर कोकणी सारस्वतांचं, आयुष्य मुंबईत. गुरुदत्त यांच्या त्या धाकट्या बहीण, आणि 'रुदाली' काढणाऱ्या कल्पना लाजमींच्या आई. 'तारे जमीन पर' सिनेमात शेवटी चित्रांची स्पर्धा होते, तिथे परीक्षक म्हणून येतात त्या याच. बघितलेला असेल सगळ्यांनी, पण नाव कितीजणींच्या लक्षात राहिलं?

ललिताताईंचं आयुष्य मला सेमेलपेक्षा ओळखीचं वाटतं. लग्न लवकर, मुलं, घर. वीसहून जास्त वर्षं शाळेत चित्रकला शिकवली. त्यातून वेळ काढून स्वतःची चित्रं. १९६१ मध्ये जहांगीर आर्ट गॅलरीत पहिलं स्वतंत्र प्रदर्शन. तैलरंग, जलरंग, आणि पुढे धातूच्या पत्र्यावर कोरून छापायची एचिंग्ज. १९६४ मध्ये भाऊ गेला. २०१८ मध्ये, त्या शहाऐंशीला टेकल्या असताना, मुलगी गेली. त्या काढत राहिल्या. मुंबईच्या राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालयात फेब्रुवारी २०२३ मध्ये त्यांच्या आयुष्यभराच्या कामाचं प्रदर्शन भरलेलं होतं. त्याचं नाव 'द माइंड्स कपबर्ड', मनाचं कपाट. ते चालू असतानाच १३ फेब्रुवारीला त्या गेल्या. वय नव्वद. मुलाकडे मुंबईला जायचंच होतं, तेव्हा बघू म्हणता म्हणता माझं ते प्रदर्शन राहिलं, त्याची हळहळ अजून आहे.

त्यांनीही स्वतःला आयुष्यभर काढलं. पण सेमेलनं डोकं वगळून देह काढला, आणि ललिताताईंच्या ज्या आत्मप्रतिमा मी पाहिल्या त्यांत भार सगळा चेहऱ्यावर, डोळ्यांवर आहे. बाई आपल्याकडे सरळ बघते. तिच्या आजूबाजूला मुखवटे, विदूषक, खेळ करणारी माणसं, आरसे. घर म्हणजे रंगमंच, आणि बाई त्यावर आपली भूमिका करते आहे, पण डोळे भूमिकेत नाहीत. मधल्या काळातल्या चित्रांत काली आणि दुर्गाही येतात, पायाशी पुरुष. सासुरवास केलेल्या बाईला ते चित्र कुणी समजावून सांगायला नको.

भाची म्हणाली, "मावशी, बघ ना, ह्या लपवतात आणि ती दाखवते." मला ते तितकं सरळ वाटत नाही. ज्या घरात चार माणसांपुढे पदर सरकला तरी बोलणी बसतात, तिथे मुखवटा रंगवून 'हा मुखवटा आहे' असं सांगणं हेही उघडं होणंच आहे. सेमेलनं कपडे काढले, ललिताताईंनी मुखवटा हातात घेऊन दाखवला. तरी मनात एक रुखरुख राहते. दोन दिवसांच्या अंतरानं जन्मलेल्या या दोघी, दोघी नव्वदीपर्यंत पोचलेल्या. एकीला आपला म्हातारा देह जगापुढे ठेवता आला, आणि आपल्याकडच्या बाईनं म्हातारपण मुख्यतः चेहऱ्यावर पेललं. ही चित्रकर्तीची उणीव नव्हे. तो देह बघायला बसलेल्या आपल्या सगळ्यांची ती उणीव आहे. आम्ही दिवा लावू दिला नसता.

आमच्या याच डिचोली तालुक्यात कुडण्याला गुजीर म्हणून जागा आहे. तिथे जुन्या जिनालयाचे अवशेष आहेत. चिऱ्याच्या भिंती, ऊनपावसानं झिजलेल्या. माहेरचं कुणी आलं की मी त्यांना आवर्जून नेते. सगळे चपला काढतात, हात जोडतात, झिजलेल्या दगडावरून मायेनं हात फिरवतात. पडकं आहे म्हणून कुणी तोंड फिरवत नाही. 'केवढं सोसलंय बघ,' म्हणतात. माणसाच्या घरात पंचाहत्तर पावसाळे सोसलेल्या बाईला हे वाक्य कधी मिळतं का?

वन्संनी विचारलं होतं, मिळालं काय तिला. प्रसिद्धी मिळाली, मानसन्मान मिळाले, ते सोडा. मला वाटतं तिला तिचा देह भीतीशिवाय बघता आला. तो सुंदर आहे असं पटवायचं नव्हतं, घाणेरडा आहे असंही नाही. आहे असा. आपल्या धर्मानं सम्यक् दर्शनाला पहिलं स्थान दिलं आहे. त्याचा अर्थ श्रद्धा, तत्त्वांवरची श्रद्धा, हे मला माहीत आहे. पण शब्द तर 'दर्शन' आहे, बघणं. जे आहे ते तसं बघण्याची सवय डोळ्यांना नसेल तर श्रद्धेला तरी ते कसं जमणार?

आणि कामाच्या बाईला काय मिळालं, तेही सांगते. न्यूयॉर्कच्या एका पुस्तकात तिला तिचं पोट सापडलं आणि ती हसली. मी त्या पुस्तकावर एवढी पानं लिहिली. तिनं एका वाक्यात रसग्रहण केलं.

वन्सं जायच्या आदल्या रात्री पाऊस थांबला होता. मी अंथरुणं घालत होते. त्या दारात येऊन उभ्या राहिल्या. म्हणाल्या, "पाठीला काहीतरी आहे बघ गं. महिना झाला, हात पोचत नाही." आम्ही आतल्या खोलीत गेलो. मी सवयीनं दार लावून अंधारातच पुढे झाले, तर त्या म्हणाल्या, "अगं, दिवा लाव की. अंधारात काय दिसणार तुला?"

मी दिवा लावला. पावसाळी खाज होती, एवढंच. मलम लावलं. त्यांच्या पाठीवर, कमरेच्या जरा वर, अगदी सासूबाईंसारखाच एक तीळ आहे, हे मला चाळीस वर्षांत पहिल्यांदा दिसलं. पण सासूबाईंचा तो मी पाहिला नव्हता, माझ्या बोटांना तेवढा माहीत होता.